मामांचा रेसिड्यू

सासऱ्याच्या पोटाच्या कोणत्या बाजूला या खेपेला सुई टोचायची, हे लक्षात ठेवणं सुनेच्या वाट्याला येतं, असं माझ्या लग्नाच्या बैठकीत कुणी बोललं नव्हतं. मानपान ठरला, बुंदी की जिलेबी यावर दोन तास गेले, पण हा मुद्दा राहून गेला.

मी वाईची. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथून उपटून तासगावकडच्या या द्राक्षबागेत आणून लावलं. मुळं धरली, वाढ जरा जास्तच झाली, आणि आता वजनकाट्यावर उभं राहायचं मी सोडून दिलंय. हायस्कुलात क्लार्क आहे. इंग्रजी वाचता येतं, फायली लावता येतात आणि सुई बघून मी पडत नाही. एवढ्या तीन गुणांवर घरानं मला दवाखाना खातं दिलं. नवरा त्या खात्यातून आपोआप बाद. हा माणूस ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर बसून आख्ख्या बागेवर औषधं मारतो, सापाला शेपटीनं धरून बांधापलीकडे टाकतो, पण नर्सनं सिरिंजमधली हवा काढली की भिंत धरतो. वडिलांचं रक्त पहिल्यांदा काढलं तेव्हा त्यानं भिंतही धरली नाही. मग पेशंट बाकावर बसला आणि खाटेवर माझा नवरा.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा त्या वेळी पंचाहत्तरीला टेकलेले. बाग त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली, आणि माणसांपेक्षा वेलांशी जास्त बोलायची सवय. माझ्याशी त्यांचं अठ्ठावीस वर्षांतलं एकूण बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "ठेव." अधूनमधून "साखर कमी." भांडण नाही, राग नाही. सून आणि सासरा यांच्यात जेवढं अंतर असावं असं आमच्याकडे मानतात, तेवढं आम्ही दोघांनी इमानदारीनं राखलं होतं.

दुखण्याची सुरुवात अशी की बागेला ठिबक असूनही मामा प्रत्येक ओळीच्या टोकाला थांबायला लागले. मोटरसायकलवर मागं बसले तरी तेच. आत्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "घर ते स्टँड तीनदा गाडी थांबवली ह्यांनी. कुत्र्याला सुदीक एवढे खांब लागत न्हाईत."

"पाणी लय पितो मी," मामा म्हणाले.

"पितासा तेवढंच जातंय व्हय? मग थांबून थांबून काय करतासा, नमस्कार?"

वर्षभर हा विषय चेष्टेवारीच गेला. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक पुरुषाला हे असतंच, असं गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक पुरुषाचं मत होतं. मग मामांची कंबर दुखायला लागली. वाकून घड बघता येईना. तेव्हा कुठं मी फाईल घेतली आणि त्यांना मिरजेला नेलं. रक्तातला एक आकडा असतो, पुरुषांच्या त्या ग्रंथीचा. तो एक आकडी असावा लागतो, मामांचा तीन आकडी निघाला. मग तुकडा काढून तपासला, हाडांचा फोटो झाला. गाठ कर्करोगाची, आणि कमरेच्या हाडात दोन ठिकाणी पोचलेली.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या, आणि बोलायला एकदम मोकळ्या. मामांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नंतर पूर्ण वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"काका, ही गाठ पुरुषी हार्मोनवर जगते," त्या म्हणाल्या. "तो हार्मोन बंद केला की गाठ उपाशी पडते. मरत नाही, पण झोपते. कितीतरी वर्षं झोपू शकते. बंद करायचे दोन मार्ग आहेत. एक, छोटं ऑपरेशन. दोन्ही अंडकोष काढायचे, एकदाच काय ते काम."

नवऱ्यानं मोबाईल काढला. मी फायलीतले कागद उगाच मागंपुढं केले.

"खोंड बडवत्यात तसं?" मामांनी कॅलेंडरला विचारलं.

"तसंच नाही..."

"तसंच की ओ. मग जोडी कुणासंगं लावणार माझी? कुठल्या गाडीला?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि दुसरा मार्ग सांगितला. तीन महिन्यांतून एकदा पोटाच्या कातड्याखाली इंजेक्शन. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती हुकूम सोडते, मग खाली हार्मोन तयार होतो. हे औषध त्या ग्रंथीला सारखं, न थांबता डिवचत राहतं. साहेबानं दिवसभर बेल दाबूनच धरली तर शिपाई काय करेल?"

"उठायचंच बंद करेल," मी म्हणाले. हायस्कुलात तेवीस वर्षं काढलीत. दवाखान्यात मी दिलेलं हे एकमेव बरोबर उत्तर.

"बरोब्बर! फक्त पहिले काही दिवस शिपाई उलट जास्त पळतो. म्हणून आधी थोडे दिवस गोळ्या देऊ. औषध कातड्याखाली साचून राहतं आणि थोडं थोडं सुटतं."

आता मामांनी कॅलेंडर सोडलं. "ठिबकवर सोडल्याल्या खतागत?"

"अगदी तसंच."

"मग असं सांगा की सरळ! आवं, हे तर आमचं सीसीसी झालं." मामा खुर्ची ओढून पुढं सरकले, आणि पुढची दहा मिनिटं पेशंट कोण आणि डॉक्टर कोण ते कळेना. एप्रिलची छाटणी झाली की वेल नुसता शेंडा काढत सुटतो. फुटीत घड तयार करायचं नाव नाही, वाढायचा नाद. तेव्हा बागायतदार सीसीसी मारतात. त्यानं वेलाच्या अंगात वाढीचं संजीवक बनायचंच कमी होतं. शेंडा थांबतो, पेरं आखूड पडतात, वेल भानावर येतो. आणि पुढं घडाचे मणी लांब करायचे असले की त्याच वेलाला तेच संजीवक वरून देतात. बायका ओळीत उभ्या राहून एकेक घड मगात बुडवतात. "म्हंजे वाढवायचं बी आमीच आन थांबवायचं बी आमीच," मामा म्हणाले. "माझी गाठ लय शेंडा काढाय लागलीया. मारा सीसीसी."

डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर लिहून घेतलं. तासगावच्या पेशंटना आता असंच सांगणार म्हणाल्या. मामा इतके खूश झाले की घरी येताना गाडीत कुणीच कर्करोग हा शब्द उच्चारला नाही. सीसीसी, सीसीसी, एवढंच चाललं होतं. मला वाटलं, किती समजूतदार माणूस. तिथंच मी चुकले. बागायतदाराला एखादं औषध पूर्ण समजलं की तो ते डॉक्टरच्या हिशेबानं घेत नाही, स्वतःच्या हिशेबानं घेतो, हे मला अठ्ठावीस वर्षं बागेत राहून कळायला हवं होतं.

इंजेक्शनची पेटी औषधाच्या दुकानातून यायची आणि आमच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी राहायची. तारीख आली की ती बर्फाच्या डब्यातून मिरजेला. मी पडद्याबाहेर उभी राहून ओरडायचे, "सिस्टर, या वेळी डावी बाजू!" आत मामा सदरा वर करून पडलेले आणि बाहेर सून बाजू सांगतीय. आम्ही दोघंही या प्रसंगाबद्दल नंतर कधी बोललो नाही.

औषधानं काम चोख केलं. आकडा तीन आकडीवरून दोन आकडीवर, मग एकावर आला. कंबर मोकळी झाली. पण शिपाई बसला की कचेरीतली बाकीची कामंही बसतात. मामांच्या छातीवरचे केस गेले आणि तिथं दोन गुबगुबीत उंचवटे आले. दाढी आठवड्यातून दोनदा पुरे झाली. एका सत्कारात हार घालायच्या वेळी ते मुसमुसून रडले, आणि सत्कार दुसऱ्याच माणसाचा होता, मामा फक्त शेजारी बसले होते. आणि वाफा! डिसेंबरात, सगळी वस्ती शेकोटीला बसलेली असताना, मामांच्या अंगातून एकाएकी वाफ उठायची. कानशिलं लाल, सदरा ओला, पाच मिनिटांनी थंडीनं कुडकुडणं.

मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याच डिसेंबरात मीही पदरानं वारा घेत फिरत होते. घरात दोनच माणसं खिडक्या उघडायची, एक मी आणि एक मामा. बाकीचे त्या बंद करायचे. मी फ्रिजमध्ये ओला नॅपकिन ठेवायचे. एक दिवस बघते तर माझ्या नॅपकिनशेजारी मामांचा टॉवेल, तसाच घडी घातलेला. ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. आत्यांचं मात्र लक्ष होतं. "घरात म्हातारी मी एकटी व्हते," त्या म्हणाल्या, "आता तीन झाल्या."

मामा हसले नाहीत. ते मी पाहिलं, पण माझ्याच घामाच्या नादात सोडून दिलं.

मार्चमध्ये इंजेक्शनची तारीख आली तेव्हा बागेत तोडणी जोरात होती. नवरा व्यापाऱ्याच्या गाडीमागं, मी परीक्षेच्या कागदांत. मामा म्हणाले, "मी जातो एकला यष्टीनं. मला काय रस्ता ठावं न्हाई?" पेटी, बर्फाचा डबा, सगळं घेऊन गेले. संध्याकाळी आले ते सदऱ्याच्या फटीतून पोटावरची पांढरी पट्टी दिसेल एवढी काळजी घेऊन. जूनमध्ये माझ्या शाळेत प्रवेशाची झुंबड. पुन्हा तसंच. पेटी घेऊन गेले, पट्टी लावून आले. मी फायलीत दोन्ही तारखांपुढं टिक केली. खोट्या सह्या करून रजेचे अर्ज आणणारी पोरं मी एका नजरेत पकडते, आणि इथं सासऱ्यानं चिकटपट्टीवर मला गुंडाळलं.

जुलै उजाडला तसे मामा एकदम तरतरीत झाले. रोज दाढी, आवाजात धार, गड्यांवर खेकसणं. वाण्याच्या दारात उभं राहून तासभर राजकारण. आत्या खूश, नवरा खूश. "औषध मानवलं," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मग एका दुपारी पावसानं उघडीप दिली होती, दमट हवा, आम्ही सगळे पडवीत शेंगा फोडत बसलो होतो आणि माझ्या अंगात वाफ उठली. सवयीनं मी मामांकडे बघितलं. ते कोरडे ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी भिजलेली आणि ते कोरडे. फ्रिज उघडला. माझा नॅपकिन एकटाच. कधीपासून एकटा होता कोण जाणे.

मी घाम पुसत तिथंच उभी राहिले. औषध चालू असेल तर वाफा अशा जाणार नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, इंजेक्शन आहे तोवर त्या कमीजास्त राहणारच. घरात हे ओळखू शकणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला वाफाच येत नव्हत्या. बाईच्या या वयाचा काही उपयोग असतो असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पण सासऱ्याला विचारायचं कसं? "मामा, तुम्हाला घाम का येत नाही?" हा काय प्रश्न झाला?

मी बागेतल्या औषधांच्या खोलीत गेले. तिथं सगळं मामांच्या शिस्तीनं. गंधकाच्या पिशव्या खाली, बाटल्या फळीवर, प्रत्येकीवर कधी मारलं त्याची चिठ्ठी. सीसीसीच्या कॅनशेजारी दोन लहान पेट्या होत्या, फ्रिजमधून गेलेल्या त्याच. न फोडलेल्या. वर मामांच्या अक्षरात चिठ्ठ्या: "मार्च. मारलं न्हाई." "जून. मारलं न्हाई."

पत्र्याच्या त्या खोलीत औषध केव्हाच वाया गेलेलं. पण मामांना टाकून देणं जमलं नाही, आणि नोंद न ठेवणं तर त्याहून नाही. मला हसू आलं, आणि त्याच वेळी मी मार्चपासूनचे महिने मोजायला लागले.

"सापडलं व्हय?" मामा दारात उभे होते. एक हात कमरेवर. तो हात किती दिवसांपासून तिथं होता, तेही मला त्याच क्षणी दिसलं.

"मामा, हे काय?"

"रेसिड्यू उतरू देत हुतो."

रेसिड्यू म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश. आमच्याकडे पोराटोरांनाही तो ठाऊक. परदेशी जाणारा माल तोडायच्या आधी इतके दिवस फवारणी बंद ठेवायची, अंश उतरू द्यायचा, मग तपासणी. अंश सापडला की आख्खा कंटेनर परत. मामांचं म्हणणं असं की रिपोर्ट स्वच्छ आला, कीड न्हाई, रोग न्हाई, मग औषध कशापायी मारायचं? रोग नसताना फवारतो तो बागायतदार अडाणी. उलट अंगात साचलेलं उतरू द्यावं.

मी वाईची. आमच्या वाईत मोठ्यांना उलटून बोलत नाहीत, मनातल्या मनात बोलतात. पण अठ्ठावीस वर्षांत इथलं पाणी लागलं असणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, रेसिड्यू उतरवतात ते माल तोडायचा असतो म्हणून. तुमची तोडणी कवा हाय?"

सासऱ्याला मरणाची तारीख विचारणारी सून मीच.

मामा हळूच गंधकाच्या पिशवीवर टेकले. "लय तिखट झालीस गं."

"चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. खरं हाय." थोडा वेळ ते बोटानं पिशवीवरची धूळ पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "रेसिड्यूचं निमित्त हुतं, सूनबाई. मला त्ये नगं झालंय. सदरा काढायची लाज वाटती. गडी बघत्यात छातीकडं. कुणाच्या बी सत्काराला रडतो. ही म्हणती घरात तीन म्हाताऱ्या. मी हसायचं किती? वेलाला सीसीसी मारल्यावर वेल काय बोलतो का? आपल्याला वाटतं थांबला. आत त्याला काय हुतंय, कुणी इचारलंय?"

एवढी वाक्यं ते माझ्याशी आजवर बोलले नव्हते. मी समोर रिकाम्या क्रेटवर बसले. मग मीही जे बोलले ते मी माझ्या आईशीही बोलले नव्हते. "मामा, मला पण तेच होतंय. वाफा, रडू, चिडचिड. दोन वर्षं. परवा शाळेत मुख्याध्यापकांनी स्टेपलर मागितला तर मी रडले."

"स्टेपलरपायी?"

"नुसता मागितला म्हणून."

"आन तुला कुणी इंजेक्शन दिलं?"

"कुणी नाही. फुकट आलंय."

मामांचे खांदे हलले. हसत होते की रडत, कळायला मार्ग नव्हता. माझंही तेच चाललं होतं. "मग तू काय करतीस?" त्यांनी विचारलं.

"घाम पुसते आणि आमटीला फोडणी घालते."

"एवढंच?"

"एवढंच. पण मामा, माझं हे असंच सोडून दिलं तरी मी मरत नाही. तुमचं सोडलं तर..."

त्यांनी कमरेवरचा हात काढून बघितला आणि परत तिथंच ठेवला. "दुखतंय," ते म्हणाले. "पंधरा दीस झालं."

दुसऱ्या दिवशी मिरज. आकडा परत दोन आकडी, आणि हाडात जुन्या दोन जागांशेजारी तिसरी. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "काही पेशंटना आम्ही स्वतः मधे थांबवतो, दर थोड्या दिवसांनी तपासून. हाडात गेलेल्यांना नाही थांबवत. मणक्यात गेली तर पाय जातात, काका. पहिल्यांदा गाठीनं औषधाचं ऐकलं, दुसऱ्यांदा तेवढंच ऐकेल याची मी खात्री देत नाही."

मामांनी या खेपेला कॅलेंडरकडे बघितलं नाही. "आता काय मारायचं?"

"आता बेल दाबणारं नको. सुरुवातीचे दिवस शिपाई पळतो ते आत्ता तुमच्या हाडाला झेपायचं नाही. हे नवं इंजेक्शन वेगळं आहे, सरळ दारच बंद करतं. दोन-तीन दिवसांत हार्मोन खाली. पण महिन्याला घ्यावं लागेल, आणि पहिल्या खेपेला दोन सुया."

"दोन?"

"आणि टोचलेली जागा थोडे दिवस लाल होऊन दुखेल."

"अजून काय हाय, एकदाच सांगून टाका."

मग मी मधे बोलले. फायलीत नसलेलं सगळं सांगितलं. छातीचं, रडण्याचं, लाजेचं. मामा मान खाली घालून ऐकत होते, पण थांबवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवला. "हे मला आधी का नाही सांगितलं? वाफांवर गोळी आहे. छातीलाही इलाज आहेत, थोडाफार फरक पडतो. चालायचं, कॅल्शियम घ्यायचं, मनासाठी कुणाशी तरी बोलायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतःसाठी कुणाला दाखवलंय का?"

मी फाईल चाळायला लागले. दवाखाना खात्यात माझी फाईलच नव्हती.

त्या दिवशी मामांनी दोन सुया घेतल्या. पडद्याबाहेरून मी बाजू सांगायला तोंड उघडलं तर आतून मामाच गरजले, "दोनी बाजूंनी हाय आज! तू गप ऱ्हा!"

घरी आत्यांना मी सगळं सांगितलं. पुढं मामांच्या सदऱ्याच्या आत घालायला त्यांनी स्वतः जाड कापडाच्या दोन बंड्या शिवून घेतल्या, आणि तीन म्हाताऱ्यांचा विनोद पुन्हा कधी केला नाही. दुसरे केले.

दोन महिने गेले. तिसऱ्या इंजेक्शनाची तारीख आली. पोट तांबडं, मामा तापट. त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट मिळाला. आकडा एक आकडी झाला होता. पहिल्यासारखा एकावर नाही, सहावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकतेय गाठ, पण पूर्ण नाही. सोबत रोजची एक गोळी सुरू करू आणि बघत राहू. मामांनी रिपोर्ट स्वतःच्या हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं, आणि विचारलं, "पुढची तारीख लिवली का?" मी लिहिली. त्यांनी ती परत वाचून बघितली.

इंजेक्शनाला नंबर यायचा होता म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. पलीकडे पन्नाशीचा एक बागायतदार बसला होता, कवठेमहांकाळकडचा, मांडीवर बर्फाचा डबा, चेहरा तेरावं घातल्यासारखा. त्याच्या वडिलांना आत पहिलं इंजेक्शन चाललं होतं. मामांनी डब्याकडे बघितलं आणि सुरू झाले.

"म्हाताऱ्याला सांग, वाफा येत्याल. टॉवेल फ्रिजमदी ठिवायचा. छाती येती, लाजायचं न्हाई, बंडी शिवायची. रडू आलं तर रडायचं, कुणाच्या बी सत्काराला चालतंय. आन रिपोर्ट ग्वाड आला म्हणून मधीच सोडायचं न्हाई, मी सोडलं व्हतं, हाडात तिसरं भोक पाडून घेतलं." पूर्ण कॉरिडॉर ऐकत होता. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी फायलीतला अर्ज भरायला लागले. तो अर्ज मी आधीच भरलेला होता.

मामांना आतून हाक आली. ते सदऱ्याची बटणं तिथंच सोडत आत गेले.

तो माणूस जरा माझ्याकडे झुकला. "वडील काय तुमचे?"

"सासरे."

त्याला ते पटायला वेळ लागला. "सासरे? आन तुमच्यासमोर असलं सगळं बोलत्यात?"

"हल्लीच बोलायला लागलेत," मी म्हणाले, आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "सिस्टर, उजवी बाजू!"